साबणाशिवाय तोंडाला काहीच न लावणाऱ्यांसाठी: चेहरा हुळहुळतोय, काय करू?

बदलापूर_फास्ट (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

वय ४१. इमारतीच्या साईटवर सुपरवायझर. म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ऊन, सिमेंट, धूळ. आजवर तोंडाला लावलेल्या गोष्टींची यादी: साबण. संपली यादी. तोही घरात सगळ्यांचा मिळून जो असेल तो. दिवाळीत उटणं आणि स्वतःच्या लग्नात हळद लागली असेल तेवढीच. दाढी एक दिवसाआड, घाईत.

गेले पाच-सहा महिने चेहऱ्याचं काहीतरी बिनसलंय. गाल लाल, उन्हात गेलं की मिरचीचा हात लागल्यासारखी आग, दाढी केली की तासभर हुळहुळ. हनुवटीवर बारीक पुटकुळ्या, ज्या विसाव्या वर्षीही नव्हत्या. बायको म्हणते, "एवढं ऊन खाता, एखादं क्रीम लावत जा." मुलगी नववीत आहे, तिने यादीच करून दिली: फेसवॉश, टोनर, सिरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, शिवाय रात्रीचं वेगळं. बेरीज बावीसशे रुपये. यादी घडी करून पाकिटात ठेवली आहे, पुढे काही केलं नाही.

पुरुषाने रोज कमीत कमी काय करावं? सकाळी ६:०४ ची लोकल असते, पाच मिनिटांच्या वरचं काही सांगू नका.


शंकासूर | रविवार, रात्री ११:१२

काहीही लावू नका. आमचे आजोबा आयुष्यभर शेतात राबले, ९१ व्या वर्षी गेले, चेहरा शेवटपर्यंत तुकतुकीत. हे सगळं कंपन्यांनी काढलेलं खूळ. आधी बायकांना गोरं करायचा धंदा झाला, मग २००५ च्या सुमारास कोणाच्या तरी लक्षात आलं की निम्मं गिऱ्हाईक अजून बाकी आहे. की लगेच पुरुषांसाठी वेगळी ट्यूब! आतला माल तोच, डबी काळी.


चिंगीची_आई | रविवार, रात्री ११:२०

काळ्या डबीला +१. आमच्याकडे "मला नाही हो असलं काही लागत" म्हणणाऱ्या गृहस्थांमुळे माझी मॉइश्चरायझरची बाटली महिन्याऐवजी पंधरा दिवसांत संपते.

शंकासूर, आजोबांच्या अंगाला तेल कोण चोळायचं ते सांगा आधी.


शंकासूर | रविवार, रात्री ११:२३

आजी. रोज रात्री, खोबरेल. पण तो मुद्दा नाही.


चिंगीची_आई | रविवार, रात्री ११:२४

तोच मुद्दा आहे.


साबणमिस्त्री | सोमवार, सकाळी ७:०५

या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत शिकलो आणि पुढची सव्वीस वर्षं साबणाच्या कारखान्यात काढली. आता निवृत्त, म्हणून खरं बोलायला हरकत नाही.

साबण म्हणजे तेल किंवा चरबी अधिक कॉस्टिक सोडा. कुठलाही रंग द्या, केवडा घाला, चंदन घाला, मूळ हेच. शाळेत 'सामू' शिकलो होतो ना, आम्ल-अल्कलीचा? आपल्या कातडीचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. खऱ्या साबणाचा ९ ते १०. प्रत्येक वेळी तोंडाला साबण लावला की कातडी अल्कलीकडे ढकलली जाते आणि पूर्वपदावर यायला काही तास घेते. दिवसातून एकदा अंगाला ठीक आहे. पण आपले लोक साईटवरून आले की साबण, जेवायच्या आधी साबण, झोपताना परत साबण, आणि कातडी करकर वाजली तरच "स्वच्छ" झालं म्हणायचं. ती करकर म्हणजे तुमचं स्वतःचं तेल धुऊन गेल्याचा आवाज.

बदलापूरकर, तुमच्या भाषेत सांगतो. कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत. मेलेल्या, चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्या सांध्यात भरलेला माल म्हणजे स्निग्ध द्रव्यं. साबण आणि कढत पाणी सांध्यातला माल उकरून काढतं. मग आतलं पाणी बाहेर झिरपतं आणि बाहेरचं नको ते आत. सांधे न भरता भिंतीला कितीही भारी रंग मारा, पोपडे धरणारच.

आता साबण घ्यायचाच तर वेष्टन उलटं करून बारीक अक्षरं वाचा. टीएफएम म्हणून एक आकडा असतो, साबणात स्निग्धाम्लं किती टक्के त्याचा. भारतीय मानकाप्रमाणे ७६ टक्के किंवा वर म्हणजे पहिली प्रत, ७० म्हणजे दुसरी, ६० म्हणजे तिसरी. आणि कोपऱ्यात 'बाथिंग बार' असं लिहिलेलं असेल तर तो या प्रतवारीत बसतच नाही, त्याचं मानक वेगळं आणि किमान अट ४० टक्क्यांची. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही, सांगायचीही गरज नसते, कारण आपण वास घेऊन साबण विकत घेतो.

एक प्रामाणिक पुरवणी: टीएफएम जास्त म्हणजे साबण कमी खरखरीत, पण सामू तोच ९-१०. तोंडासाठी 'सिंडेट' प्रकारची, म्हणजे साबणाऐवजी कृत्रिम सौम्य स्वच्छकांपासून केलेली वडी किंवा साधा, फारसा फेस न करणारा फेसवॉश बरा. तो पुरुषांचा की बायकांचा, याने काडीचाही फरक पडत नाही. 'पुरुषांसाठी' लिहिलेल्या बऱ्याच मालात पुदिन्याचा गारवा आणि जास्त फेस घातलेला असतो, कारण गिऱ्हाइकाला झणझणलं की काम झाल्यासारखं वाटतं.


बदलापूर_फास्ट | सोमवार, सकाळी ७:४०

मिस्त्री साहेब, दंडवत. गाडीत उभ्याने वाचलं. भिंतीचं गणित एकदम डोक्यात बसलं. घरी लिंबाच्या वासाची बाथिंग बार आहे, आत्ताच बायकोला फोन करून वेष्टन वाचायला लावलं. ती म्हणाली, सकाळी सकाळी हे काय?


तुरटीवाला | सोमवार, सकाळी ९:३०

आम्ही ६८ वर्षांचे. १९७६ पासून दाढी करतो आहे, त्यामुळे या खात्यात ज्येष्ठ नागरिक.

तरुण मंडळी दाढी करत नाहीत, खरवडतात. कोरड्या तोंडावर डबीतला फेस थोपटायचा आणि पाच पात्यांचं रेझर खालून वर सपासप ओढायचं. मग मानेवर फोड आले म्हणून रडायचं. केस मुळाशी ओढून कापला जातो, कापलेलं टोक कातडीच्या आत जातं, वाढताना वाकडं होऊन आतल्या आतच घुसतं. आपल्यातल्या दाट, कुरळ्या दाढीवाल्यांना हे जास्त. मग तो फोड चिमट्याने उकरायचा आणि काळा डाग घेऊन वर्षभर फिरायचं.

आमची पद्धत. आंघोळ आधी, दाढी नंतर, म्हणजे केस मऊ पडलेले असतात. साबण ब्रशने लावून दोन मिनिटं थांबायचं, तेवढ्यात रेडिओवरच्या बातम्यांचे मथळे होतात. एकच पातं, हलका हात, केस ज्या दिशेला वाढतो त्याच दिशेने. मानेवर ही दिशा प्रत्येकाची वेगळी असते, बोट फिरवून पाहा. उलटी दाढी लग्नाला जायचं असेल तर, एरवी नाही. पातं पाच-सहा दाढ्यांनंतर टाकून द्यायचं. शेवटी ओल्या तोंडावर तुरटी, आणि मिनिटभराने ती धुवायची. हे धुणं लोक विसरतात, मग कातडी ओढल्यासारखी होते. स्पिरिटवाले आफ्टरशेव आम्ही १९९० साली सोडले.

त्यावर आमची हळदीची क्रीम. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली परळला सुरू केलेल्या विकोची. ती औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि कंपनी जिंकली. आमची ही म्हणते, दाढीनंतर तुमचा वास मुंजीतल्या बटूसारखा येतो.

आणि सलूनमध्ये वस्तऱ्यात नवीन पातं तुमच्या डोळ्यांदेखत घालायला लावा. लाजू नका. तिथून एचआयव्ही आणि काविळीचे विषाणू येऊ शकतात, फक्त फोड नाही.


सिरम_सम्राट | सोमवार, सकाळी १०:०२

काका लोक जोरात आहेत. मी २२, माझं रुटीन सकाळी सहा स्टेप्स, रात्री आठ. व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, दोन प्रकारची ॲसिडं, रेटिनॉल. तरी स्किन सोलतेय. कोणतं सिरम ॲड करू?


चिंगीची_आई | सोमवार, सकाळी १०:०६

वजाबाकी शाळेत शिकवली होती ना रे?


भिरंडेल | सोमवार, दुपारी १:१५

गाववाल्यांनू, तोंडाचं चाललंय ते चालू द्या, पण पायांकडे कोण बघणार? आमच्याकडे कुडाळात थंडीत टाचांना भेगा पडल्या की आई भिरंडेल काढायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या. वर जो स्निग्ध थर येतो तो काढून गार केला की पांढरा घट्ट गोळा होतो. एरवी दगडासारखा, पण अंगाच्या उबेने विरघळायला लागतो.

रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, वज्रीने हलकेच घासून, पुसून, भिरंडेल गरम करून भेगेत सोडायचं. पहिल्या थेंबाला माणूस उडतो. वर जुने मोजे. आठवड्यात टाच बाळासारखी. मोठ्या दुकानांत हेच 'कोकम बटर' नावाने चिमूटभर मिळतं, भाव विचारू नका. आठवडी बाजारात गोळा मिळतो.

तोंडाला मात्र लावू नका. मी कॉलेजात असताना लावलेलं, परीक्षेपेक्षा जास्त पुटकुळ्या आल्या.


मिनेसोटाचा_मन्या | सोमवार, रात्री ८:४०

इथे जानेवारीत बाहेर उणे २५ आणि घरात हीटर, म्हणजे घरातली हवा राजस्थानपेक्षा कोरडी. पहिल्या वर्षी मी काय केलं असेल? थंडी वाजते म्हणून रोज वीस मिनिटं कढत शॉवर, पुण्याहून आणलेला साबण भरपूर. फेब्रुवारीत पोटऱ्यांना खवले आणि रात्री खाजवून रक्त. औषधाची गरजच पडली नाही. पाणी कोमट, आंघोळ पाच मिनिटं, साबण फक्त काखा, जांघा, पाय. आणि टॉवेलने टिपल्यावर अंग दमट असतानाच पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

या जेलीची गोष्ट मजेदार आहे. पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींच्या पंपांवर एक मेणचट थर साचायचा, कामगार तो खरचटल्या-भाजल्यावर लावायचे. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या रसायनज्ञाने ते पाहिलं, शुद्ध केलं आणि १८७२ साली व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. म्हणजे बदलापूर_फास्ट, जगातलं सगळ्यात स्वस्त कातडीचं औषध साईटवरच्या माणसांनीच शोधलं. बावीसशेची यादी फाडायला हरकत नाही.


कातडीबचाव | सोमवार, रात्री १०:१५

आयडी बघून हसू नका, खरंच त्वचारोगतज्ज्ञ आहे. सोलापूरला प्रॅक्टिस. धागा छान चाललाय, साबणमिस्त्रींना तर व्याख्यानाला बोलवायला हवं.

पण धागाकर्ते, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला सतावतंय. ऊन लागलं की मिरची लागल्यासारखी आग, लाल गाल, चाळिशीत अचानक पुटकुळ्या. साबणाने कोरडेपणा येतो, खाज येते, पण हे चित्र वेगळं आहे. तोंडाला खरंच आणखी काहीच लावत नाही? मेडिकलवाल्याने दिलेलं, मित्राने सुचवलेलं, बायकोच्या कपाटातलं?


बदलापूर_फास्ट | सोमवार, रात्री १०:३१

नाही डॉक्टर, खरंच काही नाही. क्रीम-बीम प्रकारच नाही आपल्याकडे.


वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ८:२०

राजेहो, डॉक्टरताईंनी विचारलं ते काहून विचारलं, मले माहीत हाय. माही कहाणी सांगतो, लाज सोडून.

चार वर्षांआधी पावसाळ्यात जांघेत गजकर्ण झालं. अकोल्यात मेडिकलवर गेलो, त्यानं ट्यूब देली. दोन दिवसांत खाज बंद. मनलं वा! पंधरा दिवसांनी परत. परत ट्यूब. असं तीन वर्षं. गोल चकती होती ती पसरून कमरेपर्यंत आली, आता तिले आकारच नाही राह्यला. जांघेतली कातडी कागदावानी पातळ, वर गुलाबी रेघा. शेवटी डॉक्टरकडे गेलो, त्यांनी ट्यूब हातात घेतली अन् मले वाचाले लावलं. एकाच ट्यूबमध्ये तीन-चार औषधं, त्यात एक भारी स्टिरॉइड. खाज दाबणारं तेच. अन् बुरशीले पोसणारं बी तेच.

घरातल्या पाचही जणांची तपासणी झाली, तिघांले निघालं. टॉवेल वेगळे, चड्ड्या गरम पाण्यात धुवून उन्हात उलट्या वाळत घालायच्या, गोळ्या महिनोन्महिने. आता मोकळा झालो. पण त्या रेघा गेल्या नाहीत, जाणार बी नाहीत म्हणे.


बदलापूर_फास्ट | मंगळवार, दुपारी १:०५

डबा खाता खाता वाचलं आणि घास तोंडात फिरायला लागला.

डॉक्टर, चुकलो. खोटं बोलत नव्हतो, मी ती 'क्रीम'मध्ये मोजलीच नव्हती. मागच्या पावसाळ्यात मलाही जांघेत खाज होती, मेडिकलवाल्याने अशीच ट्यूब दिली. बरं वाटलं. मग एकदा दाढीनंतर मानेवर फोड आले होते, म्हटलं हीच लावून बघू. सकाळी फोड गायब! तेव्हापासून दाढी केली की रात्री वाटाण्याएवढी ती ट्यूब. चेहरा उजळ पण दिसायला लागला होता, साईटवर लोकांनी विचारलं सुद्धा. सात-आठ महिने झाले असतील. आणि एखाद-दोन रात्री नाही लावली तर आग जास्त होते, म्हणून लावतच राहिलो.

आता काय? आजच बंद करू?


कातडीबचाव | मंगळवार, रात्री ९:५०

आधी एक सांगते, चुकलात वगैरे काही नाही. माझ्याकडे आठवड्याला असे कितीतरी पुरुष येतात, आणि निम्मे तरी हेच म्हणतात: "काही लावत नाही." ट्यूब त्यांच्या हिशेबात औषध असते, लावणं म्हणजे नटणं.

ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलंय का बघा. वेष्टनावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड औषधं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आमच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. तरी काउंटरवर काय होतं ते तुम्ही अनुभवलंतच.

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य जागी, योग्य ताकदीचं, ठरावीक दिवस. पण चेहऱ्याची कातडी मुळात पातळ. तिथे महिनोन्महिने लावलं की ती आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मुरूम येतात, कधी लव वाढते, आणि ऊन सोसवत नाही. सुरुवातीचा उजळपणा रक्तवाहिन्या आकसल्यामुळे असतो. औषध बंद केलं की त्या उसळून फुलतात, आग होते, माणूस घाबरून परत लावतो. तुम्ही तेच वर्णन केलंय. आमच्याकडे याला 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' असंच नाव आहे, आणि हे नाव आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी रूढ केलं.

एकदम बंद करायचं की उतरत्या ताकदीने, मध्ये दुसरं औषध द्यायचं का, हे चेहरा बघून ठरतं. तेव्हा या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ गाठा. उल्हासनगर, कल्याण, कुठेही. खासगी नको असेल तर सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात त्वचाविभाग असतो. ट्यूब बरोबर न्या. पहिले काही आठवडे आत्तापेक्षा वाईट जातील, हे आधीच सांगते म्हणजे पळून येणार नाही. जांघेचंही दाखवा.

तोवर बाकी सगळं थांबवा. लिंबू, बेसन, हळद, तुरटी, तुमच्या कन्येची यादी, सगळं. कोमट पाणी, सौम्य फेसवॉश एकदा, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. दाढी शक्यतो राहू द्या वाढलेली.

आणि सिरम_सम्राट, तुझंही तेच. दोन आठवडे फक्त धुणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. मुरूम असतील तर अडीच टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइड पुरतं, जास्त टक्क्यांचं फक्त जास्त सोलतं. आईचे रंगीत टॉवेल त्यापासून लांब ठेव, डाग पडत नाही, रंगच उडतो.


साबणमिस्त्री | मंगळवार, रात्री १०:१०

मॉइश्चरायझरबद्दल एवढंच: नवीन स्लॅबवर तुम्ही ओली गोणपाटं टाकता ना, पाणी उडून जाऊ नये म्हणून? तेच. मात्र आधी पाणी मारलेलं हवं. कोरड्या तोंडावर नाही, दमट तोंडावर.


बदलापूर_फास्ट | मंगळवार, रात्री १०:४४

गुरुवारची वेळ घेतली. लाल रेघ आहे. ट्यूब खिशात ठेवली आहे, लावणार नाही.

डॉक्टर, सनस्क्रीनचं सांगा. ऊन तर चुकणार नाही माझं. आणि काळ्या माणसाला ते लागतं का खरंच?


कातडीबचाव | बुधवार, रात्री ९:१५

आपल्या कातडीतलं रंगद्रव्य थोडं संरक्षण देतं, त्यामुळे गोऱ्यांइतकी भाजत नाही. पण वांग, काळे डाग, सुरकुत्या येतातच. वांग फक्त बायकांना होतं हा गैरसमज आहे. रिक्षावाले, शेतकरी, पोलीस, सगळे येतात माझ्याकडे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने २०१२ साली एका ६९ वर्षांच्या अमेरिकन ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापला होता. २८ वर्षं गाडी चालवली. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी, खोल सुरकुत्यांची. काचेतून अतिनील 'अ' किरण येतात ते असे.

एसपीएफ ३० आणि पीए+++ (ही अतिनील 'अ' किरण अडवण्याची खूण) लिहिलेलं कुठलंही घ्या. ३० वाला अतिनील 'ब' किरण ९७ टक्के अडवतो, ५० वाला ९८. त्या एका टक्क्यासाठी खिसा रिकामा करू नका. खरी मेख मात्रेत आहे. पहिल्या दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढं चेहरा-मानेला लागतं. पन्नास ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावून साधारण दीड महिन्यात संपायला हवी. सहा महिने पुरली, तर लावलंच नव्हतं.

तुम्ही ६:०४ च्या गाडीसाठी पाच वाजता लावून उपयोग नाही. साईटवर पोचल्यावर लावा, जेवणाच्या सुट्टीत परत. घामाने डोळ्यांत उतरतं, मान्य. कपाळाला कमी लावा, आणि हेल्मेटच्या मागून मानेवर रुमाल सोडा. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट हे माझ्या मते सगळ्यात चांगलं सनस्क्रीन, धुऊन परत वापरता येतं.

तुमच्या गवंड्यांसाठीही एक. ओल्या सिमेंटचा सामू १२ च्या वर, साबणापेक्षा कितीतरी तिखट. शिवाय त्यातल्या क्रोमियमची काहींना कायमची ॲलर्जी बसते, हात फुटतात, खाजतात, काम सोडावं लागतं. रबरी हातमोजे, आणि माल लागला की लगेच साध्या पाण्याने धुणं. मोज्यांच्या आत माल गेला तर मोजे नसलेले बरे.


वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, रात्री ९:४०

आमच्याकडे मे महिन्यात दुपट्टा बांधल्याशिवाय माणूस बाहेर पडत नाही. बाहेरचे हासतात, म्हणतात दरोडा घालाले चालले का. बरोबर होतो आम्ही.


शंकासूर | बुधवार, रात्री ११:०५

मान्य, काही गोष्टी शिकलो. पण मूळ मुद्दा कायम: पाणी आणि साबण पुरतं, नीट घासलं तर. माझीच मान बघा, मागे दोन-तीन वर्षांपासून काळी पडलीय, मळ साचतो. दगडाने, वज्रीने, बायकोने आणलेल्या स्क्रबने, सगळ्याने घासून झालं. निघत नाही. याला आहे का कुठलं क्रीम तुमच्याकडे?


कातडीबचाव | बुधवार, रात्री ११:२०

शंकासूर, घासणं आजपासून थांबवा आणि मला चार गोष्टी सांगा. काळी जागा मखमलीसारखी जाडसर लागते का? काखेतही आहे का? पोट सुटलंय का? घरात कोणाला मधुमेह?


शंकासूर | बुधवार, रात्री ११:३२

हो. हो. जरा. आईला.


कातडीबचाव | बुधवार, रात्री ११:४१

तो मळ नसावा. रक्तात इन्सुलिन जास्त वाहत असलं की मानेच्या, काखेच्या पेशी जास्त वाढतात, कातडी जाड आणि काळी होते. त्याला लावायचं क्रीम नंतर बघू. उद्या उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या. मी स्क्रीनवरून निदान करत नाही, पण तपासणी करा एवढं हक्काने सांगते.


शंकासूर | बुधवार, रात्री ११:४३

मानेवरून एकदम मधुमेह? डॉक्टर लोकांचं पण मार्केटिंग असतं.


तुरटीवाला | गुरुवार, सकाळी ६:१०

करून घ्या हो तपासणी. वयाने मोठा म्हणून सांगतोय.


बदलापूर_फास्ट | अडीच महिन्यांनंतर

धागा वर काढतोय. काहींनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून.

पहिले तीन आठवडे नरक. चेहरा टोमॅटो, रात्री ओला रुमाल ठेवून झोपायचो. दोनदा ट्यूब उघडली, लावली नाही. डॉक्टरांनी उतरत्या पायरीने सोडवलं, जांघेचं वेगळं औषध चालू आहे, बायकोलाही निघालं. आता उन्हात आग होत नाही. गालावर बारीक लाल रेषा राहिल्यात, त्या कमी होतील न होतील म्हणाले.

सध्याचं रुटीन: सकाळी कोमट पाणी, मॉइश्चरायझर. साईटवर सनस्क्रीन दोनदा. संध्याकाळी फेसवॉश, परत मॉइश्चरायझर. वेळ चार मिनिटं, घड्याळ लावून. दाढी आठवड्यातून दोनदा, तुरटीवाल्या काकांच्या पद्धतीने, एकाच दिशेने. गवंड्यांना हातमोजे आणून दिले, निम्मे वापरतात. सनस्क्रीनला सगळे "साहेबांचा चुना" म्हणतात. परवा फिटरने हळूच मागून घेतला.


चिंगीची_आई | त्याच दिवशी

साहेबांचा चुना! आमच्याकडे आता हेच नाव चालणार.


शंकासूर | त्याच दिवशी, रात्री ११:५०

मीही सांगून टाकतो. डॉक्टरांशी भांडून तपासणी केली नव्हती. महिन्याभराने बायकोने नेलं. एचबीएवनसी ७.४, म्हणजे मधुमेहच. गोळी चालू आहे, रात्रीचा भात बंद, सकाळी चालतो, चार किलो उतरलं.

मान अजून काळीच आहे. घासत नाही.